करवीपाणी

"मग चोरी पकडायची तरी कशी, ते तुम्हीच सांगा!"

डॉ. निरंजन चांदवडकर चढ्या आवाजात बोलले. पायरीवर झोपलेलं मांजर उठून निघून गेलं.

त्रिंबकराव पेरू कापत होते. त्यांनी फोडींवर तिखटमीठ भुरभुरलं आणि बशी पुढे सरकवली.

"आधी पेरू खा."

"सर, मी गंभीरपणे विचारतोय."

"पेरूही गंभीरपणेच खा. घरचा आहे."

मी पडवीच्या कोपऱ्यात प्रुफं वाचत बसले होते. गेली एकतीस वर्षं मी तिथेच बसते आणि आमच्या इतिहास मंडळाच्या त्रैमासिकाच्या चुका काढते. त्रैमासिकाचं नाव 'रुमाल'. जुने मोडी कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, म्हणून. भोरमध्ये नवख्याने 'रुमालचं ऑफिस कुठे' म्हणून विचारलं, तर लोक त्याला हमखास कापडाच्या दुकानात पाठवतात.

छत्तीस वर्षं त्रिंबकराव त्याचे संपादक होते. दोन वर्षांपूर्वी डोळे अगदीच थकले, तेव्हा त्यांनी ते काम आपल्या या विद्यार्थ्याच्या हाती दिलं. स्वतः नुसते मंडळाचे अध्यक्ष राहिले. म्हणजे सही करायची, पेरू खायचे आणि लोकांना खायला घालायचे.

चांदवडकर माणूस हुशार, त्यात वादच नाही. पुण्याला प्राध्यापक, एका ग्रंथाला पारितोषिक, भाषणाला उभे राहिले की सभा गप्प. पण पारितोषिक मिळाल्यापासून ते पायऱ्या उतरतानासुद्धा वर बघत उतरायचे. त्या दिवशी त्यांची मोटार गॅरेजात होती, म्हणून एसटीने आले होते. तेही त्यांनी आल्याआल्या दोनदा सांगितलं.

त्यांनी बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला.

"वनिता सोनटक्के. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. पुढच्या अंकासाठी लेख पाठवलाय. मी आता प्रत्येक लेख मशीनमधून काढतो, तुम्हाला ठाऊकच आहे. आकडा आला अडतीस टक्के!"

"तापाचा?"

"साम्याचा, सर. आणि त्यातली दोन पानं कुणाची, सांगू? माझी! माझ्याच पुस्तकातली. शब्दन् शब्द. अवतरणचिन्ह नाही, तळटीप नाही, नाव नाही. ज्याच्या घरी चोरी केली, त्यालाच माल विकायला आणला!"

हे मात्र खरं होतं. लेखाची लाल खुणांची प्रत परवाच माझ्याकडे आली होती, ती दोन पानं मीही पाहिली होती. बाईंनी उचलली होती, उघड उघड.

"मग?"

"मग हे पत्र." त्यांनी एक लांब पाकीट चटईवर ठेवलं. "त्यांच्या प्राचार्यांना. आणि पुढच्या अंकात चौकटीत निवेदन, नावानिशी. अध्यक्ष म्हणून तुमची सही हवी. बाई जूनमध्ये कायम व्हायच्या आहेत म्हणे. त्याआधी हे पत्र पोचलंच पाहिजे."

"पोचलं की?"

"की कायम होणार नाहीत."

 पेरूची बी त्रिंबकरावांच्या दातात अडकली होती. ती निघेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"बाईंना विचारलंस?"

"काय विचारायचं? रिपोर्ट समोर आहे."

"मशीनला विचारलंस. प्राचार्यांना सांगायला निघालास. मधे बाई आहेत ना एक…"

"चोराला विचारून का कुणी पोलिसात जातं, सर?"

त्रिंबकराव हसले. हात धोतराला पुसून त्यांनी रिपोर्ट मागून घेतला. मशीनला जिथे जिथे साम्य सापडलं होतं, तो मजकूर लाल झाला होता. चौथं आणि पाचवं पान तर गुलालात बुडवून काढल्यासारखं होतं. त्यांनी चौथं पान नाकाशी धरलं. मग लांब धरलं. मग पुन्हा नाकाशी.

"मला आता अक्षरं दिसत नाहीत रे. रंग दिसतो. हे इथे पांढरं का?"

त्यांचं बोट पानाच्या मध्यावर होतं. सगळ्या लालीत तेवढे दोन शब्द पांढरे राहिले होते.

चांदवडकरांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"तीच तर चलाखी! बघा, माझ्या पुस्तकात वाक्य आहे, 'आठव्या रोजी माळ्याला करवीपाणी द्यावे.' यांनी काय केलं? 'आठव्या रोजी माळियाकरवी पाणी द्यावे.' शब्दाची फक्त फोड केली. मशीनला सापडू नये म्हणून! पण बाकीची दोन पानं बदलायला विसरल्या. अर्धवट चोर, सर. धड चोरीही जमली नाही."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

'करवीपाणी' हा शब्द मी पुष्कळ वर्षांत ऐकला नव्हता.

"करवीपाणी म्हणजे काय रे?" त्रिंबकरावांनी विचारलं. अगदी पहिलीतल्या पोरासारखं.

"सर, गंमत करताय. माझ्या ग्रंथाचं सातवं प्रकरणच त्यावर आहे. पाटाच्या पाण्यात माळ्यांचा जो खास हक्काचा वाटा, तो करवीपाणी. आज विस्मरणात गेलेली प्रथा. पारितोषिक समितीने त्या प्रकरणाचा वेगळा उल्लेख केला होता."

"आधार काय दिलायस?"

"सत्तेचाळीसावा रुमाल. मूळ कागद."

"बरं…"

 त्रिंबकराव माझ्याकडे वळले.

"शालन, सत्तेचाळीस आण गं."

मंडळाचे सगळे रुमाल त्रिंबकरावांच्याच घरी, आतल्या खोलीतल्या दोन लोखंडी कपाटांत असतात. मी सत्तेचाळीसावा काढला, धूळ झटकली आणि चांदवडकरांच्या पुढ्यात ठेवला. तांबड्या खादीचा, मधोमध गाठ.

गाठीला जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असते. मंडळाची जुनी रीत आहे, जो रुमाल सोडेल त्याने चिठ्ठीवर आपलं नाव आणि तारीख लिहायची. मोठा असो, धाकटा असो.

"सोड," त्रिंबकराव म्हणाले.

चांदवडकरांनी गाठीला हात घातला, आणि चिठ्ठी त्यांच्या बोटांत आली.

चिठ्ठीवर दोन नावं होती. पहिलं त्रिंबकरावांचं, वीस वर्षांपूर्वीचं. दुसरं आठ महिन्यांपूर्वीचं. बारीक, सरळ अक्षर… वनिता सोनटक्के.

तिसरं नाव नव्हतं.

मला त्या बाई आठवल्या. दोन दिवस आल्या होत्या, डबा घेऊन. दुपारी माझ्याजवळ बसून जेवल्या आणि मला लसणाची चटणी दिली. पहिल्या दिवशी जाताना म्हणाल्या होत्या, "ताई, या कागदात एक शब्द मला सापडतच नाही हो. पुस्तकात आहे, कागदात नाही." मी म्हटलं होतं, उद्या पुन्हा शोधा. काय बाई मी तरी! तेव्हाच विचारायला हवं होतं, कुठला शब्द म्हणून.

चांदवडकर चिठ्ठीकडे बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या रिपोर्टाच्या रंगाच्या झाल्या.

"सर, मी तेव्हा… प्रबंधाची मुदत…"

"गाठ सोड रे. कागद चावत नाही."

गाठ सुटली. त्रिंबकरावांनी न बघता सांगितलं, "वरून नववा."

नववा कागद निघाला. मोडीच्या ओळी एका रेघेला लटकलेल्या. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सगळी ओळ सलग पळते. कुठे तोडायचं, ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

"मोठ्याने वाच."

चांदवडकरांना मोडी उत्तम येतं. त्यांनी घसा साफ केला.

"आठवेरोजीमाळीयाकरवीपाणीद्यावे…"

"आता खालची ओळ."

"दुसरियानेपाटासहातलाऊनये…"

ते थांबले.

पुन्हा पहिली ओळ वाचली. मनातल्या मनात, ओठ हलवत. मग पुन्हा खालची.

आठवे रोजी माळीयाकरवी पाणी द्यावे. दुसरियाने पाटास हात लाऊ नये. माळ्याच्या हातून पाणी सोडावं, इतरांनी पाटाला हात लावू नये. एवढंच. हक्क नाही, वाटा नाही, प्रथा नाही. 'माझ्याकरवी निरोप पाठव' म्हणतो ना आपण, तेच हे करवी.



"म्हणजे करवीपाणी…" चांदवडकरांचा आवाज आता पायरीखाली उतरला होता.

"असा शब्द मराठीत नाही."

"मग तो आला कुठून?"

"माझ्याकडून," त्रिंबकराव आनंदाने म्हणाले.

हो, आनंदानेच. आपल्या लग्नातली फजिती सांगावी तसे ते सांगू लागले.

"एकतीस वर्षं झाली. हा रुमाल तेव्हा डोंगराकडच्या गावात, देशमुखांच्या घरी होता; मंडळाच्या यादीत सत्तेचाळीस आकडा पडला होता, पण आपल्या कपाटात आला वीस वर्षांपूर्वी. त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. जेवून उठायला चार वाजले. शेवटची एसटी साडेचारची. मी ही एक ओळ उतरवून घेतली आणि पळालो. खालची ओळ राहिली. गाडीत विचार करत बसलो, माळीया करवीपाणी द्यावे… करवीपाणी! नवा शब्द! भोर येईपर्यंत लेख तयार. पुढच्या अंकात चार पानं छापली. मी संपादक, मला कोण अडवणार?"

"पण सर, तुम्हाला चूक कळली होती?"

"महिन्याभरात. परत गेलो, खालची ओळ वाचली आणि तिथेच कपाळाला हात लावला. देशमुखीण विचारते, जेवणात खडा आला का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलेच होते. तो अंक मला काढून द्यायला शोधावं लागत नाही. तो माझा पहिला अंक.

शेवटचं पान. वर दंतमंजनाची जाहिरात, खाली बारीक टाइपात मजकूर. मी तो चांदवडकरांसमोर धरला.

'शुद्धिपत्र. गेल्या अंकात पृष्ठ तेवीसवर करवीपाणी असा शब्द आला आहे. असा शब्द नाही. माळियाकरवी पाणी असे वाचावे. चूक माझी. संपादक.'

"मी आयुष्यात वाचलेलं पहिलं प्रूफ," मी म्हटलं. राहवलंच नाही मला. "त्यानंतर सात जणांनी करवीपाणी लिहिलं. सगळ्यांनी खाली सत्तेचाळीसावा रुमाल लिहिलाय. तुमचं पुस्तक पुण्याला छापलंत, नाहीतर माझ्या पेन्सिलीतून सुटलं नसतं."

"मशीनला…" चांदवडकर पुटपुटले.

"मशीनला जुने अंक ठाऊक नाहीत," त्रिंबकराव म्हणाले. "शालनला आहेत."

"पण सर, तुम्ही माझ्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिलीत!"

"लिहिली."

"मग सातवं प्रकरण…"

"सहाव्यापर्यंत वाचलं. प्रकाशकाचा रोज फोन. उरलेलं न वाचताच लिहून टाकली." त्यांनी कान धरले. खरोखर दोन्ही हातांनी कान धरले, ब्याऐंशीव्या वर्षी. "वाचलं असतं तर तेव्हाच बोललो असतो. बाईंचा लेख शालनने परवा वाचून दाखवला, तेव्हा माळियाकरवी ऐकलं, आणि म्हटलं, चला, कुणीतरी कागद उघडला!"

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. परवापासून हा माणूस पेरू खात स्वतःशीच हसत होता, ते यासाठी! मला अवाक्षर बोलले नाहीत. आणि मी, वाचून दाखवणारी, लाल काय आहे ते बघण्याच्या नादात तो शब्द नुसता तोंडाने वाचून गेले. एकतीस वर्षं प्रुफं वाचून ही तऱ्हा.

चांदवडकरांनी आपलं पुस्तक बॅगेतून काढलं. सातवं प्रकरण उघडलं आणि तळटिपेवर बोट ठेवलं.

"ही तळटीप मी तुमच्या लेखातून घेतली, सर. जशीच्या तशी. तुमचं नाव… मूळ साधन दिलं की मधल्याचं नाव नको, असं वाटलं. सगळेच तसं…"

 त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. मला तो माणूस त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

त्रिंबकरावांनी पेरूची बशी आणखी थोडी पुढे सरकवली. चांदवडकरांनी एक फोड उचलली आणि नुसती हातात धरून ठेवली.

"बाईंना फोन लाव."

"आत्ता?"

"मग केव्हा, जूननंतर?"

फोन लागला. चांदवडकरांनी तो चटईवर ठेवला, आम्हाला ऐकू येईल असा.

"सोनटक्के मॅडम, मी चांदवडकर बोलतोय. 'रुमाल'चा संपादक. भोरहून बोलतोय, सर आणि शालनताईही ऐकतायत."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बोला सर…"

"तुमच्या लेखातलं चौथं आणि पाचवं पान…"

"तुमचीच आहेत सर." उत्तर इतकं पटकन आलं, जणू ते आठ महिने तोंडाशीच होतं. "तुमचं पुस्तक समोर ठेवून लिहिलीत. चुकलं माझं."

"नाव का नाही दिलंत?"

पलीकडे कागद चाळवल्याचा आवाज आला.

"मॅडम, मी रागावलेलो नाही. मला खरंच कळायला हवंय."

"सर, आधी दिलं होतं. अवतरणचिन्हंही होती. पण मग त्या ठिकाणी आले… करवीपाणीच्या. कागदात तसं नाहीये सर. मी तीनदा बघितलं. मग आता काय करायचं? तुमचं नाव घालायचं आणि खाली लिहायचं, की यांचं चुकलंय? तुम्ही एवढे मोठे. आणि लेख तपासणार तुम्हीच. मला जूनमध्ये… म्हणून मी नावच काढलं. तुमचा अपमान नको आणि शब्द तर बरोबर जायला हवा, असं वाटलं. शब्द चुकीचा लिहायला हात धजेना हो."

मांजर परत आलं होतं. ते चांदवडकरांच्या मांडीला अंग घासत होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"मॅडम," ते अखेर म्हणाले, "ती दोन पानं अवतरणचिन्हांत टाका. खाली माझं नाव टाका. आणि त्याच्या खाली लिहा, की चांदवडकरांचं चुकलंय."

"असं कसं लिहू सर?"

"असंच लिहा. कागद कोणता, ओळ कोणती, सगळं लिहा. महिनाभर घ्या. मग पुन्हा पाठवा."

"आणि… कॉलेजला काही…"

चांदवडकरांनी चटईवरच्या लांब पाकिटाकडे पाहिलं.

"कॉलेजला काही नाही."

पलीकडून हुंदका आला, की हसू, ते फोनवर कळलं नाही. "सर, ताईंना सांगा, चटणी पाठवते," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला तर बाई इतकं बरं वाटलं, की मी उठून तिघांसाठी चहा टाकला. चौथा कप चुकून जास्त झाला. तो त्या बाईंच्या नावाने मीच प्यायले.

चहा पिताना चांदवडकरांनी पाकीट उघडलं. आतलं पत्र काढून ते फाडणार, तोच त्रिंबकराव म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे ना? मग फाडतोस कशाला?"

त्याच कागदाच्या पाठीवर, गुडघ्यावर धरून, चांदवडकरांनी शुद्धिपत्र लिहिलं. चार ओळी. सातव्या प्रकरणाचं नाव, चुकीचा शब्द, बरोबर शब्द, आणि कागद उघडून पुस्तकातली चूक ज्यांनी पकडली त्या बाईंचं नाव. त्रिंबकरावांच्या जुन्या लेखाचाही उल्लेख केला. शेवटी थोडं थांबून लिहिलं, 'चूक माझी.'

मला वाचायला दिलं. मी पेन्सिल घेऊन तयार होते, पण काढायला एकही चूक सापडली नाही. एवढ्या वर्षांत असं क्वचितच होतं.

"हे पहिल्या पानावर छापा शालनताई," ते म्हणाले. "दंतमंजनाखाली नको."

त्रिंबकराव खुदखुदून हसले, इतके की त्यांना ठसका लागला.

ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं होतं. चांदवडकरांनी घड्याळ पाहिलं आणि लगबगीने बॅग भरली.

"शेवटची पुण्याची गाडी साडेपाचची ना हो, शालनताई?"

"हो. अजून दहा मिनिटं आहेत. झपझप गेलात तर मिळेल."

त्यांनी वाकून त्रिंबकरावांच्या पायाला हात लावला. कितीतरी वर्षांनी. मग चपला घातल्या आणि दोन पायऱ्या उतरले. खाली बघत उतरले, हे मी मुद्दाम पाहिलं.

"निरंजन…"

"काय सर?"

"चिठ्ठीवर नाव लिहिलंस?"

चांदवडकर परत आले. चपला काढल्या, पेन काढलं, चिठ्ठी हातात घेतली. वनिता सोनटक्केच्या नावाखाली पेन टेकवलं… आणि तसंच ठेवलं. समोर सत्तेचाळीसावा रुमाल उघडाच पडला होता. दोनशेच्या वर कागद असतील त्यात.

"सर, मी तर दोनच ओळी वाचल्यात…"

खाली स्टँडवरून हॉर्न ऐकू आला. चांदवडकरांनी दाराकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग त्रिंबकरावांकडे.

त्रिंबकराव नवीन पेरू कापायला घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गाडी जाऊ दे. तिसरी ओळ वाच."